भरलेली सरळ, रिकामी भटकी

आमच्या पिकअपच्या ड्रायव्हरनं खरं निदान अगदी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "भाऊ, भरेल गाडी मस्त चालते. रिकामी आली का मंग पयते इकडून तिकडं." हे तो दादाला बोलला, मला बोलला, पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्यालाही बोलला असेल. कोणी लक्ष दिलं नाही. ड्रायव्हर कुरकुरतातच, असं आपल्याकडे गृहीत असतं.

गाडी जुनी आहे. फिटनेसच्या वेळी कागद पाहणारा माणूस एकदा गाडीकडे आणि एकदा आपल्याकडे पाहतो, तेवढी जुनी. समोर सरळ बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, चारही चाकांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. ती दादा बघतो. मी नागपुरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी फुकटचे सल्ले देतो. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या मागेपुढे निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. तो क्रेटांत भरून पहाटेच्या अंधारात गाडी निघते, कारण नागपूरच्या कळमना बाजारातला हर्रास कोणासाठी थांबत नाही. फेटरी, काटोल नाका, तिथून रिंग रोड धरून मानकापूरवरून कळमना. येताना गाडी गच्च, जाताना रिकामे क्रेट आणि फडफडणारी ताडपत्री.

परतीच्या त्या रस्त्यावर एकदा मी स्वतः गाडी चालवली तेव्हा ड्रायव्हरचा मुद्दा कळला. पन्नासच्या पुढे काटा गेला की गाडी आपल्या मनानं चालायला लागते. स्टिअरिंग जरा डावीकडे द्यावं, काहीच होत नाही. आणखी जरा द्यावं, तरी नाही. आणि मग एकदम हवं त्याहून जास्त जाते. तिला आवरायला उजवीकडे घ्यावं, तर तिकडेही तीच गत. रस्ता सरळ आहे आणि आपले हात सारखे कामात. समोरून भरधाव ट्रक आला की त्याच्या वाऱ्यानं गाडी अर्धा हात सरकते आणि पोटात गोळा येतो. घरी पोचेपर्यंत खांदे भरून येतात.

या आजाराची गल्लत दुसऱ्या एकाशी फार होते. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर ते प्रकरण वेगळं. एका चाकात हवा कमी असेल, एखादं ब्रेक चिकटून घासत असेल, किंवा नुसता रस्त्याचा उतार असेल. आपला रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो, आपण डावीकडून चालतो, म्हणून निरोगी गाडीही हात सोडला की हळूहळू डावीकडेच जाते. त्यात गाडीचा दोष नाही. भटकणारी गाडी मात्र बाजू ठरवत नाही. ती आत्ता इकडे, मग तिकडे. मेकॅनिककडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच यायला हवा, की एकीकडे जाते का दोन्हीकडे. जो हे न विचारता पाना उचलतो, त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टिअरिंगमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते मोजणं सोपं आहे. इंजिन बंद, चाकं सरळ, काच खाली. बाहेर डोकं काढून पुढच्या टायरवर नजर ठेवायची आणि स्टिअरिंग बोटांनी हळूहळू फिरवायचं. टायर हलायला लागतो तिथे थांबायचं, मग उलटीकडे तसंच. मधलं जे रिकामं अंतर, तो प्ले. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 98 वा नियम सांगतो की हा प्ले 30 अंशांच्या वर नसावा, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला मोजून दहा सेंटिमीटरच्या वर. बराच उदार हिशेब आहे. आमच्या गाडीत जेमतेम चार बोटं भरत होती, म्हणजे नियमात आरामात बसत होती, आणि तरी काटोल रोडवर घाम फोडत होती.

आता त्या स्क्रूबद्दल बोलावं लागेल.

जुन्या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीवर, एक स्क्रू असतो आणि त्यावर लॉकनट. आत वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा असतो, वर्मवर छर्ऱ्यांवर चालणारा नट, आणि त्या नटाच्या दात्यांत अडकलेला, पुढे चाकं वळवणारा सेक्टर शाफ्ट. हा स्क्रू सेक्टर शाफ्टला आत ढकलतो आणि दात्यांमधली फट कमी करतो. बॉनेट उघडलं की तो सहज हाताशी येतो, आणि सगळी आफत त्यातच आहे. गाडीखाली झोपावं लागत नाही, जॅक लागत नाही, पार्ट आणावा लागत नाही. स्टिअरिंग ढिलं आहे म्हटलं की कोणीही येतो आणि पाव फेरा आवळून जातो. गिऱ्हाईकाला लगेच फरक जाणवतो. तो खूश, पैसे रोख.

गंमत अशी की बॉक्स बनवतानाच मधोमध फट सगळ्यात कमी आणि दोन्ही बाजूंना जरा जास्त ठेवलेली असते. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं, त्यामुळे दाते मधेच जास्त झिजतात. झीज बॉक्समध्ये असेल तर बेतानं आवळलेल्या स्क्रूनं काम होतंही. पण झीज दुसरीकडेच असेल आणि आपण आवळतच गेलो, तर मधे दाते एकमेकांना चावतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं, जिथे सोडलं तिथेच राहतं. मग चालवणाऱ्याला प्रत्येक वेळी हातानं सरळ करावं लागतं, ते कधी कमी होतं, कधी जास्त, आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त भटकते. ढिलेपणानं होतं तेच घट्टपणानंही होतं. पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं त्या किंगपिनचंही, ती कोरडी पडली की, असंच. ग्रीस न मिळाल्यानं ती जड झाली की चाकं स्वतःहून मधे येत नाहीत.

आमच्या गाडीचा स्क्रू किती जणांनी फिरवला होता देव जाणे. पान्याचे ओरखडे पडून नटाच्या कडा गोल झाल्या होत्या.

शेवटी वाडीकडच्या एका मिस्तरीकडे गेलो. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे जुन्या ट्रकांची कामं करणारी जी छोटी शेडं आहेत, त्यातलं एक. म्हातारा माणूस, बोलणं कमी. गाडी चालवूनही पाहिली नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं, नटाच्या गोल कडांवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोनं केलं?" मी गप्प. "बरं. आता खाली घुसा."

मला वाटलं पोऱ्याला सांगतोय. तो मलाच सांगत होता.

ही पद्धत मला फार आवडली म्हणून सविस्तर सांगतो. चारही चाकं जमिनीवर हवीत, गाडीचं वजन त्यांच्यावर हवं. जॅक अजिबात नाही. एक जण सीटवर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सतत हलवतो, फक्त प्ले संपेल इतकंच. दुसरा खाली पाठीवर. स्टिअरिंगच्या दांड्यापासून सुरू करून टायरपर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं, बोटाचा अर्धा भाग सांध्याच्या एका बाजूवर, अर्धा दुसऱ्या बाजूवर. हालचाल एका बाजूनं येते आणि दुसरीकडून तशीच बाहेर जाते का, एवढंच पाहायचं. जिथे ती आत येते पण बाहेर पडत नाही, तिथे खेळ आहे. डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. मिस्तरी स्टिअरिंगवर बसला होता, मी खाली, पोऱ्या माझ्या बाजूला बॅटरी धरून. वरून आवाज येई, "काय म्हनते ड्रॅग लिंक?" आणि मी परीक्षेला बसल्यासारखा उत्तर देई.

सगळ्यात आधी दांड्याचा क्रॉस, म्हणजे त्याचा वाकता सांधा. बरा होता. मग बॉक्स स्वतः. बॉक्स चेसिसवर बोल्टांनी घट्ट आहे असं आपण धरून चालतो. जरा हात लावला तर स्टिअरिंग फिरवताना अख्खा बॉक्स केसभर सरकत होता. बोल्टांच्या भोवती लालसर भुकटी जमली होती. ती भुकटी गंजाची असते, लोखंड लोखंडावर घासून निघालेली. जिथे लाल भुकटी किंवा घासून चकाकलेलं लोखंड दिसेल, तिथे काहीतरी हलतंय हे धरून चालावं. जुन्या गाड्यांत याच जागी चेसिसला बारीक तडा गेलेलाही सापडतो, म्हणून तिथली माती खरवडून, पुसून पाहायची. आमचा चेसिस शाबूत होता, बोल्ट ढिले होते. इतके जण इतकी वर्षं तो स्क्रू आवळत आले, त्याच्यापासून वीतभर अंतरावरचे हे बोल्ट कोणी आवळले नाहीत.

पुढे बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, मग ड्रॅग लिंक नावाची सळई, ती उजव्या चाकाच्या आर्मला जाते. तिथून टाय रॉड आडवा डाव्या चाकाकडे. ड्रॅग लिंकच्या मागच्या एंडमध्ये, म्हणजे टोकाच्या सांध्यात, खेळ निघाला. रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस केव्हाच धुऊन गेलेलं, काळ्या मातीची चिकट लापशी तिथे भरलेली. नियमात त्या टोपीचा उल्लेख का आहे, ते तेव्हा कळलं. टोपी फाटली की आत धूळ आणि पाणी जातं, आणि मग एंड फार दिवस टिकत नाही.

खेळ किती होता? डोळ्याला मिलिमीटरभर. एवढ्यानं काय होतं, असं मीही म्हटलं असतं, पण हिशेब करून पाहा. चाकाचा आर्म पंधरा सेंटिमीटरचा धरू, बॉक्सचं प्रमाण वीसास एक, म्हणजे स्टिअरिंग वीस अंश फिरलं की चाक एक अंश. त्या सांध्यातला 1 मिलिमीटर स्टिअरिंगच्या कडेवर अडीच सेंटिमीटरच्या वर होतो. बॉक्स केसभर सरकतो त्याचा एक हिस्सा, एंडचा एक हिस्सा, बॉक्सच्या आतला थोडा, किंगपिनचा थोडा. एकेक सांधा सुटा पाहिला तर 'चालेल' या सदरात जातो. सगळ्यांची बेरीज आपल्या हातात येते. म्हणूनच एकच गुन्हेगार शोधणारा माणूस या कामात हमखास फसतो. त्याला कुठेच 'सापडत' नाही आणि तो स्क्रूकडे वळतो.

यानंतर जॅक. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, एक हात बाराच्या जागी, एक सहाच्या. खटखट आली तर किंगपिन किंवा चाकाचं बेअरिंग. दोघांतलं कोणतं हे ओळखायला पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेकनं ड्रम जखडला जातो, त्यामुळे खटखट थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. आमच्याकडे डावीकडचं बेअरिंग ढिलं निघालं, ते नुसतं आवळून भागलं. किंगपिनला मिस्तरीनं चाकं उचललेल्या अवस्थेत ग्रीस मारलं. वजन चाकांवर असताना मारलं तर ग्रीस दाबाखालच्या बाजूला जातच नाही, हे कितीतरी सर्व्हिसिंगवाल्यांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून कंटाळा येतो.

मग त्यानं स्क्रूची उठाठेव निस्तरली. ड्रॅग लिंक सोडली, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फेरे मोजले आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबला. बॉक्सचा खरा मध्य तो. आणि तिथे स्टिअरिंगच्या चक्राची आडवी दांडी वाकडी उभी! कोणीतरी पूर्वी टाय रॉडचं काम करताना स्टिअरिंग तिरकं आलं, तेव्हा लिंक जुळवण्याऐवजी स्टिअरिंगच उपटून दोन दाते सरकवून सरळ बसवलं होतं. दिसायला सरळ. पण त्यामुळे गाडी सरळ जाताना बॉक्स मात्र मध्यापासून बाजूला, जिथे मुळातच जास्त फट ठेवलेली असते तिथे चालत होता. म्हणजे स्क्रू कितीही आवळा, गाडी ज्या जागी चालते तिथला ढिलेपणा जायचा नाही, मधे मात्र दाते चावत बसायचे. अशी कामं केलेल्याचं नाव-गाव कधी सापडत नाही.

नवीन एंड, बॉक्सचे बोल्ट, बॉक्समध्ये 90 नंबरचं ऑइल, स्टिअरिंग योग्य दात्यावर, ड्रॅग लिंकची लांबी जुळवलेली, स्क्रू सैल करून पुन्हा नव्यानं बेतानं बसवलेला. टो, म्हणजे पुढची चाकं किती आत किंवा बाहेर बघतात ते, मिस्तरीनं खिळा आणि टेपानं पाहिलं. चाक उचलून फिरवायचं आणि टायरच्या मधोमध खिळ्यानं गोल रेघ ओढायची, दोन्ही चाकांवर. गाडी खाली घेऊन चार पावलं पुढे ढकलायची म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग दोन रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर, एकदा पुढून आणि एकदा मागून मोजायचं. पुढचं अंतर किंचित कमी हवं, दोन-तीन मिलिमीटर. आमचं उलटं होतं, पुढे जास्त. चाकं बाहेर बघत असतील तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर नवा विचार करते. टायरवरून आडवा तळहात फिरवला तरी कळतं. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करकरीत लागलं की टो बिघडलाय. कॉम्प्युटर अलाइनमेंटला माझा विरोध नाही, छापील कागद बघायला बरा वाटतो. पण बीम ॲक्सलच्या गाडीत तिथे टोशिवाय बहुधा काहीच बदलून देत नाहीत, आणि ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट गेटाबाहेर पडेपर्यंत टिकतं.

प्ले चार बोटांवरून बोटभर राहिला. भरलेली गाडी आधीही बरी चालायची, आता तर तिला कौतुकच करावं अशी चालत होती. आणि रिकामी?

रिकामी अजूनही भटकत होती. कमी, पण भटकत होती.

इथे मिस्तरीनं जे केलं त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. त्यानं स्क्रूकडे पाहिलंही नाही. गाडी सपाट जागी उभी केली, वीसेक पावलं लांब गेला आणि एका बाजूनं नुसता बघत राहिला. मग मला बोलावलं. "भाऊ, गाडी बसली कशी हाय पाहा." पाहिलं. मागून उंच, पुढून झुकलेली, बैलानं शिंगं रोखावीत तशी. "मांगे पाटे किती टाकले?"

टाकले होते. दादानं. संत्र्याच्या हंगामात मागचे पाटे खाली बसतात, म्हणून मागच्या दोन्ही बाजूंना जादा पाटा, तोही चांगला कमानदार. तालुक्यात कोणाच्या पिकअपला नाही? कंपनीनं जेवढं वजन लिहून दिलंय तेवढंच नेलं तर भाडं परवडत नाही, असं सगळेच म्हणतात. ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरात दिवाळीच्या फराळावर भांडण झालेलं आहे. पण स्टिअरिंगशी त्याचा संबंध आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

संबंध असा. सायकलचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो, आणि दोन्ही हात सोडले तरी सायकल सरळ जाते त्यात या झुकावाचाही वाटा असतो. गाडीच्या किंगपिनलाही तसाच मागे झुकाव दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा किंगपिनच्या रेषेच्या जरा मागे पडते आणि चाक आपसूक ओढल्यासारखं सरळ येतं. स्टिअरिंग स्वतःहून मधे परतण्याचं बरंचसं श्रेय या झुकावाचं. तो जेमतेम दोन-तीन अंशांचा असतो. आता गाडीची मागची बाजू वर उचला. अख्खी गाडी पुढे कलते, तिच्यासोबत ॲक्सल आणि किंगपिनही पुढे कलते, आणि झुकाव तेवढा कमी होतो. मागच्या-पुढच्या चाकांमध्ये साधारण 2.9 मीटर अंतर धरलं आणि मागची बाजू साडेसात सेंटिमीटर उंचावली, तर कोन दीड अंशाचा होतो. दोन-तीनातून दीड गेला. उरलं काय? चाकाला सरळ येण्याचं कारणच उरत नाही. मग नवा एंड टाका नाहीतर नवा बॉक्स, गाडीला आपण सरळ चाललोय की नाही याचं सोयरसुतक नसतं.

आणि माल भरला की मागचे पाटे खाली बसतात, गाडी समतल होते, कॅस्टर परत येतो, गाडी सरळ चालते. भरेल गाडी मस्त चालते, रिकामी पयते. ड्रायव्हर शब्दन् शब्द खरं बोलत होता. त्याचं वाक्य नीट ऐकलं असतं तर ॲक्सल आणि पाट्यांपर्यंत थेट पोचता आलं असतं, कारण सांध्यातला ढिलेपणा काही माल पाहून येत-जात नाही. तो भरलेल्या गाडीतही तेवढाच असतो. वजनानुसार बदलणारी गोष्ट शोधायला हवी होती, आणि ती म्हणजे गाडीची बसण्याची ढब.

दादाला फोन केला. "जादा पाटे काढून टाकू या."

"अन् माल काय डोक्यावर नेऊ का बे?"

"माल कमी ने."

"तू नागपुरात बसून सांगू नको मले." फोन बंद.

मिस्तरीनं हे ऐकलं असावं, कारण त्यानं पोऱ्याला आधीच पाचरी आणायला पाठवलं होतं. लोखंडी पाचर, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, मधे सेंटर बोल्टसाठी भोक. ती पुढच्या ॲक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये बसते. आमच्यासारखा पाटा ॲक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे, म्हणजे किंगपिनचं डोकं मागे झुकतं. दोन अंशांची पाचर दोन्ही बाजूंना, यू-बोल्ट नवे, आणि थोडी गाडी चालली की पुन्हा आवळायला आणायची ताकीद, कारण पाचर दबून बसली की यू-बोल्ट हमखास सैल होतात. पुढच्या चाकांना इंजिनची ओढ नाही म्हणून हे जमलं. पुढचं ॲक्सलही चालतं असलेल्या गाडीत पाचर घातली की डिफरन्शियलचं तोंडही फिरतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो, तिथे जपून. पाटे सोडलेच होते तेव्हा शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे, बुशही पाहून घेतले. ते झिजले की ॲक्सल आडवं सरकतं आणि स्टिअरिंग न फिरवताही गाडी वळते. मागच्या पाट्यांचंही तसंच आहे. मागचं ॲक्सल जरा तिरकं झालं की तेही आपल्यापरीनं गाडी वळवतं आणि ओरडा पुढच्या चाकांना खावा लागतो.

पाचर हा तोडगा आहे, उपाय नाही, हे मला मान्य आहे. आता भरलेल्या गाडीत कॅस्टर गरजेपेक्षा जास्त होतो आणि कळमन्याच्या गर्दीत, गेटापाशी वळवताना स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड लागतं. ड्रायव्हरची त्याला हरकत नाही. तो म्हणतो दंडाला व्यायाम होतो, रस्त्यावर जीव तर टांगणीला लागत नाही.

राहिला टायरांचा प्रश्न. पुढे दोन वेगवेगळ्या जातीचे नायलॉन टायर आहेत. उन्हाळ्यात डांबर मऊ पडून ट्रकांनी ज्या चाकोऱ्या पाडल्यात, त्यांच्यात ते शिरले की बाहेर यायला नाखूश असतात, आणि दोन्हींची नाखुशी सारखी नसते. दादाचा बेत असा होता की पुढे दोन रेडियल घ्यावेत आणि मागे जुने नायलॉनच चालू द्यावेत. स्टिअरिंग पुढे आहे ना, मग पैसे पुढे खर्च करायचे. तो बेत मी हाणून पाडला. पुढची पकड चांगली आणि मागची सैल झाली की वळणावर मागची बाजू घसरून पुढे यायला बघते, आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी. घ्यायचे तर चारही रेडियल, नाहीतर पुढे एकाच जातीचे दोन नायलॉन आणि हवा महिन्यातून दोनदा तरी घरच्या गेजनं तपासायची. चौघांचा खर्च ऐकून दादा म्हणाला, मृगाची पट्टी हातात येऊ दे, मग पाहू. सध्या हवा तपासणं चालू आहे, आणि गेज ड्रायव्हरनं स्वतःच्या डॅशबोर्डात ठेवून घेतलाय, कोणाला देत नाही.